इंटरनेटची आत्या कोण?

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. करवंदीच्या जाळीतून जाताना पदराला काय काय चिकटतं, तसंच हे. घरी येऊन बघावं तर चार काटे, दोन पानं आणि एखादं पिकलेलं करवंद! माझ्या पदराला सगळ्यात जास्त चिकटलंय ते शेजारच्या कमल वहिनींच्या घरातलं. दहिवलीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी काही कान लावून बसत नाही हो. पण वारा त्यांच्याकडून आमच्याकडे येतो, त्याला मी काय करणार?

काल कडावला वहिनींच्या शेतावर पाहुण्यांच्या गाड्या लावायला जागा उरली नव्हती. ते बघून एकेक आठवत गेलं आणि लिहायला बसले. "सातवी शिकलेली बाई इंटरनेटबद्दल काय लिहिणार?" असं आमचे हे म्हणाले. म्हटलं, इंटरनेट आपल्या ओट्यावर आलं, मी नव्हते गेले त्याच्याकडे!

*

सुरुवात जावयापासून. कमल वहिनींचे जावई निलेशराव नवी मुंबईत एका कंपनीत आहेत. ती कंपनी वेबसाइटची नावं विकते. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं, "नावं ठेवायचा पगार मिळतो? मग मला आजवर कुणी कसा दिला नाही?"

वहिनींनी कडावच्या शेतावर दोन खोल्या बांधल्या, मुंबईच्या लोकांना राहायला. चुलीवरची तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, थंडीत मडक्यात वालाच्या शेंगा भाजून केलेली पोपटी. जागा झकास, पण माणूस फिरकेना. तेव्हा वहिनींच्या वाढदिवसाला, श्रावणात, निलेशरावांनी भेट म्हणून वेबसाइट आणली. नाव सुद्धा स्वतःच ठेवून आणलं, 'कमलघर डॉट इन'.

"आई, हे नाव जगात एकच. टाइप केलं की माणूस थेट तुमच्या दारात."

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. एकट्या वत्सला आत्या कोपऱ्यात गप्प. आत्या म्हणजे वहिनींची मोठी नणंद. नवरा गेल्यापासून माहेरीच असतात आणि अख्ख्या आळीच्या आत्या आहेत. घरातल्या प्रत्येक पोराचं नाव त्यांनीच पाळण्यात ठेवलेलं. तो आत्याचा मान!

"कुणी ठेवलं रं हे नाव?" त्यांनी विचारलं.

"मीच, आत्या."

"आत्या जिती असताना जावयानं नाव ठेवलं?" आत्या पदर सावरून उठल्या. "असं नाव टिकायचं नाय, सांगून ठेवते."

आणि पेढा घेऊन गेल्या. पेढ्यावर राग नव्हता.

*

त्यांचा राग निवला, पण मनातला किडा गेला नाही. पुढच्या रविवारी ओट्यावर चहा चालला होता. आत्यांनी जावयाला घेरलंच.

"बरं, तू ठेवलंस. पन तुला ठेवू कुणी दिलं? या जगातल्या समद्या नावांची आत्या कोन?"

निलेशराव समजावायला बसले. अमेरिकेत एक संस्था आहे म्हणे. ती सरकारही नाही आणि नफा कमावणारी कंपनीही नाही. आधी दोरी अमेरिकेच्या सरकारच्या हातात होती, मग त्यांनी सोडली. आता सगळ्या देशांची सरकारं, कंपन्या, तंत्रज्ञ आणि साधी माणसं, सगळे मिळून बसतात आणि ठरवतात.

आमचे हे ग्रामपंचायतीत क्लार्क होते. रिटायर झाले, पण शिक्का अजून खिशात असल्यासारखे बोलतात. "इतकी मोठी गोष्ट आणि शासनाच्या ताब्यात नाही? हे चूक आहे. शासनाचं नियंत्रण पाहिजे!"

"कुठल्या शासनाचं, काका?"

"आपल्या!"

"मग चीन म्हणेल माझं, अमेरिका म्हणेल माझं. कुणी रागावलं तर दुसऱ्या देशाची नावंच पुसून टाकील."

"मग सगळ्या देशांची मिळून एक ग्रामसभा घ्यावी."

"कोरम कुठून आणणार?" वहिनी आतून म्हणाल्या. "आपल्या ग्रामसभेला तुम्ही चहा ठेवायचात तरी सात माणसं यायची."

निलेशराव हसले. "काही लोक म्हणतात, सरकारंही नकोत, कंपन्यांवर सोडा. त्या नीट सांभाळतील."

"कंपन्या म्हणजे तुम्हीच ना, जावईबापू?" वहिनींनी विचारलं.

निलेशरावांनी कपात तोंड घातलं.

"पण काहीही म्हणा," आमचे हे हटेनात, "शासनाकडे असलं की एक शिस्त असते."

आत्यांनी बशी खाली ठेवली. "शिस्त? आमच्या आळीतल्या रस्त्याला नाव दिलं तुमच्या शासनानं. पाटी पन लावली. रस्ता कुठाय?"

त्या दिवशी आमच्यांनी दुसरा चहा मागितला नाही.

*

मग कडावच्या नावाचा घोळ झाला. कळंबकडे एक रिसॉर्ट आहे. तिथल्या शेठनी वेबसाइट काढली, तिच्या नावात गाव टाकलं कडावचं! का, तर ते ऐकायला गोड आणि लक्षात राहायला सोपं.

एका शनिवारी वहिनींना फोन आला, खोली त्यांच्याकडे ठरवून पत्ता मात्र शेठच्या वेबसाइटवर बघून निघालेल्या एका पोराचा. "काकी, आम्ही पोचलो. स्विमिंग पूलपाशी उभे आहोत. भाकरी कुठे मिळेल?"

वहिनी चक्रावल्या. "बाळा, आमच्याकडे पूल नाही, विहीर आहे. त्यात कासव आहे. दिसतंय का?"

"नाही काकी. इथे प्लास्टिकचा डॉल्फिन आहे."

"मग तुम्ही कळंबला आहात!"

आमचे हे पेटले. गावाचं नाव गावाचं, दुसऱ्याला वापरता येतंच कसं? कुणाकडे तक्रार करायची ते विचारायला त्यांनी निलेशरावांना फोन लावला, स्पीकरवर. निलेशराव म्हणाले, मोठमोठे देश असल्याच भांडणात अडकलेत. एखाद्या नदीचं किंवा डोंगराचं नाव कंपनीला हवं असतं, तिथले लोक म्हणतात आमचं. मोठ्या नावांसाठी काही नियम आहेत, आपल्यासारख्या छोट्या गावाला मात्र एकच, जो पहिला मागेल त्याचं.

आत्या पोळपाटावरून ओरडल्या, "म्हंजी आमी इतक्या पिढ्या गावात राह्यलो ते उगाच? रांगेत उभं राहायला पायजे होतं!"

शेठचं नाव काही सुटलं नाही. पण तो डॉल्फिनवाला पोरगा भाकरी खायला कडावला आला, तो अजून दर थंडीत येतो.

*

मग आला अधिक महिना, तोही श्रावणाचा. तीन वर्षांनी येतो, जावयाचा महिना. सासूनं जावयाला अनारशांचं वाण द्यायचं असतं. वहिनींनी तांदूळ भिजवले, वाळवले, कुटले, गूळ मिसळला. हौसेनं तूप तापवलं. आणि पहिलाच अनारसा कढईत पडताक्षणी हसला! अनारसा हसला म्हणजे फुटून तुपात विखुरला. दुसरा हसला, तिसरा हसला. कढईत नुसता हशा! पावसाळी हवेत पीठ बिघडलं होतं. वहिनी रडकुंडीला आल्या.

ऐन वेळी काय करणार? दुकानातून बत्तासे आणले. चालतात हो, शास्त्रात चालतात. तांब्याच्या ताटात, वर दिवा ठेवून जावयापुढे ठेवले.

निलेशराव ताटाकडे बघत राहिले. "माझ्या मित्राच्या सासूनं चांदीच्या वाटीत अनारसे दिले," एवढंच म्हणाले आणि जेवून निघून गेले. शिकलेला माणूस, जगातली नावं सांभाळतो, पण जावई तो जावईच!

त्याच श्रावणात वेबसाइटचं नाव पुन्हा एका वर्षासाठी आपलं करून घ्यायचं होतं. ते दर वर्षी करावं लागतं, नाहीतर सुटतं. आणि नाव होतं निलेशरावांच्या खात्यात. आठवणीचे मेल त्यांनाच यायचे. त्यांनी रागात उघडले नाहीत की खरंच विसरले, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

शुक्रवारी कमलघर बंद! पावसाचे दिवस, धबधब्यांना माणसांची रीघ, आणि वहिनींचा फोन मुका. शनिवारी मुका, रविवारी मुका. कडावला पन्नास भाकऱ्यांचं पीठ दळून ठेवलेलं.

आत्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मी बोललीच होती. टिकायचं नाय."

वहिनींनी डोळे पुसले, अनारशांचे तांदूळ नव्यानं भिजत घातले आणि पाचव्या दिवशी अनारशांचा डबा घेऊन थेट नवी मुंबई गाठली. निलेशराव ओशाळले. नाव सुटलं तरी लगेच दुसऱ्याला देत नाहीत, काही दिवस थांबतात म्हणे. त्यांनी तिथल्या तिथे ते परत मिळवलं. डाव्या हातात अनारसा, उजव्या हातानं टकटक.

वहिनी घरी येऊन म्हणाल्या, "शालनताई, माझं घर चालायचं की नाही ते आता माझ्या अनारशांवर आहे!"

*

हसण्यावारी नेलं, पण वहिनींच्या मनाला लागलं होतं. त्या घराचं सगळं आता त्या नावावर उभं. ते कुणाच्या हातात असावं? ओट्यावर बैठक बसली.

आमचे हे म्हणाले, ग्रामपंचायतीच्या. निलेशराव म्हणाले, माझ्याच असू दे, आता नाही विसरणार. वहिनी म्हणाल्या, माझ्या. त्यावर निलेशराव हळूच म्हणाले, "आई, तुम्ही गेल्या आठवड्यात फोनचा पासवर्ड फोनमध्येच लिहून ठेवला होता."

नाव आपोआप नवं होईल, दर वर्षी बँकेतून परस्पर कापून घेतील, अशीही सोय होती. वहिनींनी साफ नाही म्हटलं. "न विचारता माझ्या डब्यात कुणी हात घालायचा नाही!"

सगळे भांडून थकल्यावर आत्या म्हणाल्या, "गावदेवीच्या दानपेटीला किती कुलपं हाईत रं?"

"तीन," निलेशराव म्हणाले.

"का?"

"पुजाऱ्याची एक चावी, सरपंचाची एक, आळीतल्या मोठ्या बाईची एक. तिघं आल्याशिवाय उघडत नाही."

"मग?"

निलेशराव ताडकन उठले. "आत्या! तिकडेही असंच आहे!" सगळ्या नावांच्या अगदी वरच्या टोकाला एक मोठी किल्ली आहे म्हणे, सगळी नावं खरी आहेत हे तिच्यामुळे कळतं. ती एका कुणाच्या हातात नाही. वेगवेगळ्या देशांतली माणसं ठरलेल्या वेळी एका बंद खोलीत जमतात, आपापल्या चाव्या लावतात, तेव्हा ती तिजोरी उघडते. आणि सगळ्या जगाला ते बघता येतं.

आत्यांनी शांतपणे सुपारी कातरली. "म्हंजी तिकडं पन गावदेवी हाय."

ठरलं! नवं खातं काढायचं, त्याच्या पासवर्डचे तीन तुकडे. एक वहिनींचा, एक निलेशरावांचा, एक आत्यांचा. ज्याचा तुकडा त्यानंच टाइप करायचा, बाकीच्यांनी डोळे मिटायचे. ई-मेललाही तेच कुलूप, म्हणजे मागच्या दारानं कुणी शिरायला नको.

आमच्यांनी विचारलं, "आणि ग्रामपंचायतीला काय?"

"तुमी साक्षीला बसा," आत्या म्हणाल्या. हे खूश.

*

पण आत्यांची एक अट होती. नाव पुन्हा ठेवायचं तर बारसं करून. आमच्या नातीचा पाळणा माळ्यावरून काढला, फुलं लावली, त्यात लॅपटॉप निजवला. घुगऱ्या वाटल्या. आळीतल्या बायका ओटी भरायला निघाल्यासारख्या नटून आल्या. पाळणा म्हणायचा प्रश्न आला, तर जिला जे येत होतं ते तिनं म्हटलं.

आत्या कानात नाव सांगायला वाकल्या आणि थबकल्या. "याला कान कुठाय?"

सगळ्या बायका लॅपटॉप उलटा सुलटा करून कान शोधायला लागल्या. निलेशरावांनी बाजूचं एक बारीक भोक दाखवलं. "इथे इअरफोन लावतात, आत्या. कानाचंच आहे."

आत्यांनी त्या भोकाला ओठ लावले आणि "कुर्रर्र!" केलं. मागून बायकांनी पाठीत धपाटे घातले, रिवाजाप्रमाणे. मग आत्या नाव कुजबुजल्या. तेच, 'कमलघर'. एक अक्षर बदललं नाही!

"मग इतके दिवस भांडत कशाला होतात?" मी विचारलं.

"नावाशी माजं भांडन नव्हतं गं, शालू. विचारलं नाय, त्याच्याशी होतं."

*

आता मला त्या तिसऱ्या चावीनं झोप लागेना. वहिनींचा तुकडा मला कळलेला, कारण त्या टाइप करताना पुटपुटतात. निलेशरावांचा अंदाज होता. पण आत्यांचा? पदराआड एका बोटानं काहीतरी ठोकतात, बस्स.

एकदा शेवग्याच्या शेंगा मोडत बसलो होतो. म्हटलं, "आत्या, देवाच्या नावाचं काही आहे का हो?"

"नाय."

"माणसाच्या?"

आत्यांनी माझ्याकडे बघितलं. "शालू, तुला सांगितलं तर सांज व्हायच्या आत कळंबला पोचंल. वायफायबिगर!"

मी शेंगा मोडत राहिले.

*

आणि मग गेल्या श्रावणातली गोष्ट.

नाव पुन्हा घ्यायचा दिवस दुसऱ्या दिवसावर आला होता. त्यात जोडून सुट्ट्या, कडावच्या दोन्ही खोल्या भरायच्या होत्या. कळंबचे शेठ मधूनमधून वहिनींना फोन करून "नाव विकता का?" विचारायचे, म्हणजे टपलेले होतेच. संध्याकाळी दिवे लावून तिघं बसणार असं ठरलेलं. आणि सकाळी आत्या पोट धरून ओसरीवर आडव्या झाल्या. पित्ताच्या पिशवीत खडे. टेंपोत घालून त्यांना खोपोलीच्या दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन ठरलं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी निलेशराव नवी मुंबईहून परस्पर आले. हातात मोसंब्यांची पिशवी. पिशवी मोसंब्यांच्या मानानं फारच चपटी होती. वहिनींनी आत डोकावून बघितलं. खाली लॅपटॉप!

"बाहेर काढू नका तो," वहिनी दबक्या आवाजात म्हणाल्या.

"आई, आज संपतंय. साइट बंद पडेल. सगळी सुट्टी जाईल."

"जाऊ दे."

आमचे हे मध्ये बोललेच. "नाही, पण समजा काही कमी जास्त झालं... चावीची वारसनोंद केलीय का?"

वहिनींनी यांच्याकडे असं बघितलं की हे मोसंबं सोलायला लागले.

आत गेलो तर आत्या कॉटवर, हाताला सलाईन, चेहरा उतरलेला, डोळे मात्र टक्क. त्यांनी आधी वहिनींकडे बघितलं, मग जावयाकडे, मग त्या चपट्या पिशवीकडे.

"माजी तब्येत बघायला आलात, का चावी न्यायला?"

वहिनी कॉटवर टेकल्या, आत्यांचा हात हातात घेतला. "वन्सं, नाव गेलं तर दुसरं ठेवू. तुम्हाला कुठून आणू?"

आत्यांनी आधी वर पंख्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "म्हंजी माज्या चावीला काय किंमतच नाय का गं?"

वहिनी रडता रडता हसल्या. आत्यांनी बोटानं खूण केली, "काढ रं तो." निलेशरावांनी लॅपटॉप उघडला. तेवढ्यात स्ट्रेचर घेऊन माणसं आली. आमचा नंबर ठरल्या वेळेच्या आधीच लागला होता. "नंतर, आजी, नंतर," म्हणत आत्यांना घेऊन गेले. लॅपटॉप तसाच उघडा, निलेशरावांच्या मांडीवर.

आम्ही बाहेरच्या बाकावर. वहिनी गावदेवीचं नाव घेत होत्या. निलेशराव एरवी दर पाच मिनिटांनी घड्याळ बघणारा माणूस, त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं होतं. लॅपटॉप कधी मिटला तेही त्यांना कळलं नाही. आमचे हे दोनदा म्हणाले, "छोटंच ऑपरेशन असतं हो."

शेवटी डॉक्टरीणबाई आल्या. सगळं व्यवस्थित झालंय, म्हणाल्या. भूल उतरतेय, शुद्धीवर आल्या की भेटा. आणि परत आत गेल्या. दार अर्धं उघडंच राहिलं. आता अर्ध्या उघड्या दाराला मी काय करणार?

आत्यांनी मान हलवली. डॉक्टरीणबाई वाकून मोठ्यानं म्हणाल्या, "आजी! ऐकू येतंय का? तुमचं नाव सांगा बघू."

आत्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

"आजी, नाव सांगा. नाव काय तुमचं?"

आत्यांनी एक डोळा उघडला. जीभ जड होती, पण शब्द सगळे बाहेर आले.

"मला एकटीला नका विचारू. आदी त्या दोगांना बोलवा!"